प्रस्तावना : एकच तंबाखू, वेगवेगळी माणसे

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तंबाखू ही पाहुण्यापुढे ठेवायची वस्तू आहे. चुन्याची डबी आणि चंची पुढे सरकवल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. सूर्यमाळच्या पठारावर असो की खोडाळ्याच्या बाजारात, एकाच पाड्यातली दोन माणसे तीस-चाळीस वर्षे तीच तंबाखू, त्याच चुन्याबरोबर, गालाच्या त्याच कोपऱ्यात धरतात. एकाच्या गालात जखम होते, ती भरत नाही, तोंड उघडेनासे होते. दुसरा म्हातारपणी वेगळ्याच आजाराने जातो. ‘मग मलाच का?’ हा पहिल्याचा प्रश्न असतो, आणि त्याच्या मागून मुलाचा प्रश्न येतो, ‘आता मलाही होणार का?’ या दोन प्रश्नांना आजवर दोन सोपी उत्तरे मिळत आली. घरातले लोक नशिबाकडे बोट दाखवतात, तर दवाखान्यात तंबाखूकडे. या पुस्तकाचा विषय त्या दोन उत्तरांच्या मधला आहे. तंबाखूचा घाव कुणावर किती खोल बसेल, हे काही अंशी माणसाच्या जन्मजात घडणीवर ठरते; एखाद्या वस्तीत हा आजार किती जणांना होईल, हे मात्र तंबाखू, सुपारी, दारू, आहार आणि दवाखान्याचे अंतर यांवर ठरते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की विज्ञानही चुकते आणि माणसांवर अन्यायही होतो, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सारे विवेचन त्या मताच्या समर्थनासाठी आहे.

आधी क्षेत्राची ओळख करून घेऊ. ओठ, जीभ, गालाचे अस्तर, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाक आणि नाकामागची पोकळी या भागांतल्या कर्करोगांना मिळून डोके-मान भागाचे कर्करोग म्हणतात. मेंदूतल्या गाठी त्यांत धरत नाहीत. यांतले बहुतेक कर्करोग आतल्या ओलसर अस्तराच्या पेशींत सुरू होतात. आपल्याकडे सर्वांत मोठा वाटा तोंडाच्या कर्करोगाचा आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे भारतात वर्षभरात सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होते. म्हणजे जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातले. कारणेही लपलेली नाहीत. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 35.5 टक्के पुरुष आणि 17 टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या, आणि त्यातही धूर न काढता तोंडात धरायची तंबाखू फार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही 2004 मध्ये कर्करोगकारक ठरवले. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतातच.

या विषयाचा इतिहास मुंबईत सुरू होतो आणि त्याची सुरुवातच आनुवंशिकतेच्या प्रश्नाने झाली, हे फारसे सांगितले जात नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये उघडले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. मुंबईत येणाऱ्या रुग्णांत जातीजमातींनुसार कर्करोगाची जागा बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. आपसातच लग्ने करणारे समाज शेजारी-शेजारी राहतात, हवा-पाणी एक, आजार वेगळे. रक्ताचा दोष शोधायला याहून चांगली जागा कोणती? 1949 मध्ये एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक गुणांची तुलना प्रसिद्ध केली. शोध रक्तात सुरू झाला. हाती आली ती सवय. 1955 मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले की तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा आणि ओढणाऱ्यांत घसा व जिभेच्या मुळाचा कर्करोग अधिक आढळतो. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये सुरू केलेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीत पारशी समाजात तोंड-घशाचे कर्करोग कमी आणि स्तनांचा कर्करोग जास्त दिसला. पारशी पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्ने करत आले, तेव्हा कुणी म्हणेल की त्यांचे रक्तच वेगळे. पण अग्नी पवित्र मानणाऱ्या त्या समाजात धूम्रपान निषिद्ध होते, हे कारण अधिक जवळचे आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागातील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हाच धागा खेड्यांत नेला. महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडूतांची तोंडे तपासून केलेला त्यांचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या देशव्यापी पाहणीत आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात त्यांना वेगळेच दृश्य दिसले होते. तिथल्या अनेक स्त्रिया चुट्ट्याचे (तंबाखूच्या पानाच्या गावठी चिरुटाचे) पेटते टोक तोंडात धरून ओढत, आणि कर्करोग होई तो टाळूला. आपल्याकडे तंबाखूची गोळी गाल आणि हिरडीमधल्या खोबणीत ठेवतात, म्हणून कर्करोगही तिथेच सुरू होतो. जखम कुठे होणार, हे निखारा किंवा गोळी कुठे ठेवली यावर ठरले. जनुकांना ही जागा निवडता येत नाही.

तोंड हळूहळू आखडत नेणाऱ्या विकाराची कहाणी तर याहून बोलकी. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत तो पाहिला आणि अज्ञात कारणाचा म्हणून नोंदवला. 1953 मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. भारतीयांतच का दिसतो, परदेशात गेलेल्या भारतीयांतही का दिसतो, असे विचारले की शरीराच्या जन्मजात घडणीकडे बोट दाखवणे साहजिक होते, आणि बराच काळ तसे दाखवलेही गेले. पुढच्या दशकांत पुरावा सुपारीपाशी येऊन थांबला. एर्नाकुलममधल्या अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले तेव्हा त्यांतल्या 7.6 टक्क्यांना कर्करोग झालेला आढळला. ‘भारतीय शरीर’ म्हणून जे मानले गेले, ती समुद्रापार सोबत नेलेली सुपारी होती.

इतके असूनही जनुकांचा प्रश्न संपत नाही, आणि तो संपला असे म्हणणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. पण त्याआधी सारा भार जनुकांवर टाकणाऱ्या बाजूचा सर्वांत तगडा युक्तिवाद पाहायला हवा. तो करणारा माणूस साधा नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा आणि आनुवंशशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर यांनी 1957-58 मध्ये म्हटले की सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते कार्यकारणाचे नसेलही. ज्या जनुकामुळे माणसाला ओढावेसे वाटते त्याच जनुकामुळे कर्करोगही होत असेल. तर्क म्हणून हे बिनतोड होते. पण त्यांच्या म्हणण्यानुसार एकाच घडणीच्या जुळ्यांपैकी एकाने ओढले आणि दुसऱ्याने नाही, तरी दोघांचा धोका सारखा निघायला हवा. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात तसे निघाले नाही. ओढणारे जुळे भावंड आधी गेले. फिशर यांचा अर्धा तर्क मात्र खरा ठरला. 2008 मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरील निकोटिन-ग्राहकांच्या (रिसेप्टर) जनुकांचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध सापडला. त्यांतल्या काही प्रकारांमुळे माणूस जास्त ओढतो आणि सवय सुटायला त्याला जड जाते. म्हणजे जनुक काम करते ते बऱ्याच अंशी तंबाखूच्याच वाटेने. ज्याच्या हाती तंबाखू कधी आलीच नाही, त्याच्या बाबतीत ती वाट बंद असते.

1990 नंतर या क्षेत्रात जो मोठा संप्रदाय उभा राहिला, तो एकेका जनुकाचा माग काढणाऱ्यांचा. त्यांची कल्पना समजायला सोपी आहे. तंबाखूतली नायट्रोसामाइनसारखी विषे शरीरात शिरली की काही विकरे (एन्झाइम) त्यांना अधिक घातक रूप देतात आणि दुसरी काही त्यांना निष्प्रभ करून बाहेर काढतात. या दुसऱ्या फळीत जीएसटीएम-1 नावाचे विकर आहे. अनेक माणसांत त्याचे जनुक जन्मतःच गैरहजर असते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले की तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ही गैरहजेरी निरोगी लोकांपेक्षा अधिक आढळते. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांबाबतही असाच निष्कर्ष आला. आता याच जनुकाची दुसरी बाजू पाहू, कारण मला ती या साऱ्या चर्चेचा गाभा वाटते. युरोपातल्या जवळपास निम्म्या लोकांत हे जनुक नसते. भारतीयांत न असणाऱ्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी, साधारण 30 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे विष काढून टाकण्याच्या या एका बाबतीत आपण युरोपियनांपेक्षा सुदैवी. तोंडाचा कर्करोग मात्र आपल्याकडे जास्त. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एका वस्तीतल्या तंबाखू खाणाऱ्या दोघांमधला फरक हे जनुक थोडाफार सांगते, दोन समाजांमधला फरक अजिबात सांगत नाही. गावातल्या सगळ्यांच्या शेतात सारखाच पाऊस पडला तर कुणाचा बांध आधी फुटला हे मातीवर ठरेल. पण ज्या गावात पाऊसच पडला नाही, तिथे बांधाची माती तपासून काय हाती लागणार?

दुसरा संप्रदाय कुटुंबांकडे पाहतो. अनेक देशांतल्या बारा अभ्यासांची माहिती एकत्र केली तेव्हा आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला डोके-मान भागाचा कर्करोग झाला असेल तर धोका सुमारे 1.7 पट आढळला. भावंडाला झाला असेल तर आई-वडिलांना झाल्यापेक्षा अधिक. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की तंबाखू आणि दारू या दोन्हींपासून दूर राहिलेल्यांत ही वाढ दिसली नाही, आणि दोन्ही घेणाऱ्यांत, घरात आजार असताना, धोका सात पटींवर गेला. तिसरी वाट पेशींच्या सहनशक्तीची. रक्तातल्या पेशींवर मुद्दाम आघात करून त्यांची गुणसूत्रे किती तुटतात आणि किती जुळतात, हे ह्यूस्टनला टी. सी. सू यांनी पाहायला सुरुवात केली. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात रीटा मुल्हेरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच माणसाला तोंड-घशाचे दोन स्वतंत्र कर्करोग झाले, अशा रुग्णांवर लक्ष केंद्रित केले, कारण जन्मजात प्रवणता असलीच तर ती अशांत आधी दिसणार. आणि क्वचित का होईना, जनुक एकटेच पुरे पडते अशीही उदाहरणे आहेत. फॅन्कोनी ॲनिमिया या दुर्मीळ आजारात पेशींना आपल्या डीएनएची दुरुस्ती जमत नाही. अशा मुलांना मोठे होता होता, तंबाखूला हात न लावता, तोंडाच्या कर्करोगाचा धोका शेकडो पटींनी असतो. विशीतल्या बिनतंबाखूच्या रुग्णाला ‘चोरून खात असशील’ असे सुनावण्याआधी हे आठवावे.

अलीकडची साधने एकेक जनुक न निवडता संपूर्ण जनुकसंच चाळतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांवर रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांचा एक संच घशाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारा आढळला. दारूचे विघटन करणाऱ्या जनुकांचा संबंध त्याआधीच सिद्ध झाला होता. इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. 2013 मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकीय संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या गाठीतले जनुकीय बदल शोधले, तेव्हा वृत्तपत्रे वाचणाऱ्या अनेकांना तो आनुवंशिकतेचा शोध वाटला असेल. ते बदल गाठीत घडलेले, आयुष्यात कमावलेले. मुलांकडे जाणारे नव्हेत. ‘जनुक बिघडले’ हे वाक्य ऐकले की कुठले, जन्मतःचे की गाठीतले, हे विचारण्याची सवय वाचकाला लागली तरी या पुस्तकाचे निम्मे काम झाले.

स्त्री-पुरुषांच्या तुलनेवर थोडे रेंगाळतो, कारण तिथे आकडे सर्वांत जास्त चकवतात. तोंडाचा कर्करोग पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. तरीही भारतातले अनेक अभ्यास सांगतात की तंबाखू खाणाऱ्या स्त्रीचा धोका, न खाणाऱ्या स्त्रीच्या तुलनेत, पुरुषांतल्या तशाच तुलनेपेक्षा जास्त पटींनी वाढतो. यावरून स्त्रीचे शरीर जात्याच दुबळे, असा निष्कर्ष काढणारे आहेत. उदाहरणापुरते आकडे धरू. तंबाखू न खाणाऱ्या स्त्रियांत धोका 1, आणि तंबाखू न खाणाऱ्या पुरुषांत 3, कारण त्यांतले काही विडी ओढतात, दारू पितात. तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांत तो 8 झाला आणि पुरुषांत 15, तर स्त्रियांत वाढ आठ पट, पुरुषांत पाच पट. स्त्रियांचा पट मोठा, पण जास्त रुग्ण पुरुषच. फरकाचा बराच भाग असा हिशेबातच असतो. उरलेला सवयीत. मुंबईत 1990 च्या दशकात जवळजवळ एक लाख लोकांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरत होत्या आणि जवळपास सगळ्या मशेरीसारख्या बिनधुराच्या रूपात. मशेरी करताना तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि कुटून तिची पूड करतात. भाजताना त्यात बेन्झोपायरीनसारखी धुरातली विषे तयार होतात. मग ती बोटाने हिरड्यांवर घासायची आणि तोंडात धरून घरकाम करायचे. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात; म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले की उत्तर ‘नाही’ येते, आणि ती बाई कागदोपत्री बिनतंबाखूची रुग्ण ठरते. मग तिच्या जनुकांत कारण शोधले जाते! जैविक फरक अजिबात नसतील असे मी म्हणत नाही. पण त्यांच्याआधी पंडुरोगाकडे पाहावे. स्वीडनच्या उत्तर भागात लोहाच्या कमतरतेने त्रस्त स्त्रियांना घशाच्या खालच्या भागाचा कर्करोग होई. आहार सुधारला, पिठात लोह मिसळले गेले, आणि तो विकार दुर्मीळ झाला. आपल्या देशात 2019-21 च्या पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया पंडुरोगी (ॲनिमियाग्रस्त) होत्या, आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जव्हार-मोखाड्यात हा मुद्दा बाजूला ठेवता येणार नाही.

आता या भूभागाकडे वळतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे इथले समाज शतकानुशतके आपापल्यात लग्ने करत आले. अशा समाजांत दुर्मीळ जनुकेही साठून राहू शकतात. सिकलसेलने ते आदिवासी भागांत दाखवून दिले आहे. पण सिकलसेल एका जनुकाचा आजार आहे, साध्या रक्तचाचणीत सापडणारा. तोंडाच्या कर्करोगाची प्रवणता शेकडो छोट्या फरकांची बेरीज असते. ‘कातकऱ्यांत ते असतेच’ किंवा ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे एखादे वाक्य उद्या जनुकांच्या नावाने बोलले जाऊ लागले, तर अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातली वृत्ती नव्या कपड्यांत परत येईल. म्हणून काहीजण म्हणतात की आदिवासींचा जनुकीय अभ्यास करूच नये. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण मान्य करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार केलेली जोखमीची गणिते आपल्याकडे नीट लागू पडत नाहीत. जे समाज माहितीत नाहीत, ते त्या माहितीतून निघणाऱ्या उपचारांतही मागे राहतात. अभ्यास व्हावा; मात्र समाजाच्या संमतीने, त्यांच्या भाषेत समजावून, आणि निष्कर्ष त्यांच्याकडे परत नेऊन. रक्ताचा नमुना घेऊन गेलेला माणूस पुन्हा पाड्यावर न येणे, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

जनुकांची चाचणी करून धोक्यातली माणसे आधीच निवडता येतील, असेही काहींना वाटते. आजच्या ज्ञानावर सर्वसामान्य माणसासाठी तशी चाचणी करण्यात अर्थ नाही. तिचा एक तोटाही आहे : ‘तुमचा धोका कमी’ असा कागद हाती आलेला माणूस चंची सोडणार नाही. उलट नुसत्या डोळ्यांनी, चांगल्या उजेडात केलेली तोंडाची तपासणी काय करू शकते, हे सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून सुमारे 1 लाख 92 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू अशा तपासणीने 34 टक्क्यांनी कमी झाले. शासकीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंड तपासणी अपेक्षित आहे. अडचण इथल्या जगण्याची आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तपासणीची तारीख आणि माणूस यांची गाठ पडत नाही. संशयित जखम दिसलीच तर तुकडा काढून तपासायला जव्हारहून नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. या अंतरामुळे वाया गेलेले महिने कुठल्याही जनुकापेक्षा जास्त जीव घेतात, असे म्हणायला मी कचरत नाही.

हे पुस्तक याच जाणिवेतून तयार झाले आहे. ते तज्ज्ञांसाठी नाही. आरोग्य सेविका, आशाताई, आश्रमशाळेतले शिक्षक, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि ज्यांच्या घरात हा आजार आला आहे अशी माणसे, यांच्यासाठी आहे. जनुक म्हणजे काय इथपासून ते संशोधनातले आकडे कसे वाचावेत इथपर्यंत, मराठीत आणि इथल्या उदाहरणांनी, सांगण्याचा त्याचा प्रयत्न आहे. जिथे पुरावा पक्का तिथे ते ठामपणे बोलते, जिथे संशोधक आपसात भांडतात तिथे ते भांडण वाचकापुढे ठेवते. वडिलांना झाला म्हणून मुलाला होणारच, हा समज आणि घराण्यात नाही म्हणून काळजी नको, हा समज, दोन्हींशी ते सारखेच झगडते. कुणाला यात उपचारांची माहिती कमी वाटेल. ती मुद्दाम कमी ठेवली आहे.

एक विनंती करून थांबतो. आशाताई घरोघरी जो तपासणीचा तक्ता भरतात, त्यात आई-वडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, असा प्रश्न आहे. कर्करोगाचा प्रश्न त्यात नाही. तो तक्त्यात येईल तेव्हा येवो. तोवर प्रत्येकीने तो तोंडी विचारावा, आणि त्याच्या जोडीला मशेरीचे नाव घेऊन विचारावे. घरात कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झाल्याचे कळले, तर त्या घरातल्या तंबाखू, मशेरी, सुपारी घेणाऱ्या प्रत्येकाचे तोंड त्याच दिवशी उघडून पाहावे : तीन बोटे उभी आत जायला अडचण होते का, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. यातले काहीही आढळले, तर त्या माणसाला वीटभट्टीवर जाण्याआधी जव्हारच्या रुग्णालयात पोहोचवावे.